काचेच्या आतला बर्फ

सकाळी उठलो की मी आधी कॉफी चढवतो आणि मग ट्रक चालू करतो. दोन्ही कामं स्वयंपाकघरातच होतात.

हिवाळ्यात आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीला आतून बर्फाची साय धरते. घर जुनं, काच एकेरी, आणि रात्रीच्या स्वयंपाकाची सगळी वाफ जाऊन तिथेच गोठते. काचेजवळ तोंड न्यायचं, दोन-चार वेळा वाफ सोडायची, तळहाताने घासायचं, की बशीएवढं भोक पडतं. त्यातून रिमोट अंगणाकडे रोखून बटण दाबायचं. कोठाराच्या भिंतीशी उभा असलेला माझा निळा पिकअप ट्रक दोनदा दिवे मिचकावतो, खोकतो, कण्हतो आणि चालू होतो. मागून पांढरा धूर सरळ वर चढायला लागतो. इंजिन दहा मिनिटं चालतं. तेवढ्यात कुणी आत बसून किल्ली फिरवली नाही, तर ते आपलं आपण बंद पडतं.

मी चांगला उंच आहे, त्यामुळे माझं भोक खिडकीच्या अगदी वरच्या तावदानात असतं.

पूर्वी हे बटण नव्हतं. व्हर्ना, माझी बायको, गावातल्या शाळेत स्वयंपाकाला जायची. तिच्या आधी उठून, अंगावर दोन कोट चढवून मी बाहेर जायचो, तिची गाडी चालू करायचो, काच खरवडायचो आणि परत येऊन पांघरुणात शिरायचो. ती निघताना स्टिअरिंगवरचं एक बोट वर करायची. आभार म्हणून एवढंच. आमच्याकडे प्रेमाबिमाचं बोलायची पद्धत नाही. एकमेकांची गाडी तापवून देतात, त्यात सगळं येतं.

व्हर्ना गेली त्या हिवाळ्यात माझी मुलगी लेसिया सस्काटून शहरातून आली आणि ट्रकला रिमोट बसवून गेली. म्हणाली, "टाटो," – आमच्यात वडिलांना टाटोच म्हणतात – "तुम्ही अंगणात घसरून पडलात तर बर्फ वितळल्यावरच सापडाल. त्यापेक्षा आतूनच दाबा." एक रिमोट माझ्या कोटाच्या खिशात असतो, दुसरा खिडकीशेजारच्या खुंटीला.

माझ्याबद्दल सांगायचं तर मी आयुष्यभर गारपिटीचे पंचनामे केले. विमा कंपनीचा माणूस म्हणून शेतात जायचं, आडवा झालेला गहू बघायचा आणि गारांनी किती मारला, नि मालकाने गुरं सोडून किती तुडवून घेतला, ते ठरवायचं. लोक माझ्यासमोर खोटं बोलायचे आणि मला ते कळायचं. म्हणून मी जे सांगतोय ते डोळ्यांनी बघितलेलं आणि हातांनी चाचपलेलं आहे. त्याचा अर्थ मला विचारू नका.

डिसेंबरात पहिली खरी थंडी पडली, त्या सकाळी ट्रकमध्ये शिरलो तर उजव्या बाजूची काच पांढरी होती. आतून.

हे नीट समजून घ्यायला हवं. रिकाम्या गाडीच्या काचेवर बर्फ धरतो तो बाहेरून. आतून धरतो तेव्हा गाडीत रात्रभर कुणीतरी श्वास घेतलेला असतो. आमच्याकडे शाळेतल्या पोरांनाही हे ठाऊक आहे. मी नखाने खरवडून बघितलं. नखाखाली पांढरा भुगा आला. माझ्या बाजूची काच आतून कोरडी ठणठणीत होती.

पहिला विचार आला तो असा, की कुणी वाटसरू शिरला असेल. आम्ही हिवाळ्यात गाडीला कुलूप लावत नाही. घरालाही नाही. कुणाची गाडी रस्त्यात बंद पडली आणि तो माणूस चालत आला, तर जे पहिलं दार हाताला लागेल ते उघडलं पाहिजे. अशा शिरलेल्या माणसाला कुणी जाब विचारत नाही, उलट घरात घेऊन खाऊ घालतात. पण अंगणात ताजा बर्फ पडला होता आणि त्यावर घरापासून ट्रकपर्यंत माझेच ठसे होते. दुसऱ्या बाजूला एका सशाचे.

गावात गेलो. दुकानाच्या मागच्या टेबलावर सकाळी आम्ही सगळे रिकामे म्हातारे कॉफीला बसतो. मी सहज विषय काढला.

"नेस्टर, लेका, या वयात कुणाला आणून ठेवलंस रे गाडीत?" मेट्रो म्हणाला. मेट्रो सावचुक माझा शेजारी. आमच्या दोन घरांमध्ये गव्हाची तीन शेतं आहेत, पण इथे त्याला शेजारीच म्हणतात.

"त्या खटाऱ्यात कोण राहणार? उंदरांनीसुद्धा केव्हाच सोडला तो," दुसरा कुणीतरी म्हणाला.

"तूच रात्री जाऊन झोपत असशील. घरात बोलायला कोण आहे!"

सगळे हसले. मीही हसलो, पण ते शेवटचं मला लागलं. मेट्रोला ते कळलं असावं. निघताना तो माझ्या ट्रकपर्यंत आला आणि हातमोज्याने उजवी काच पुसल्यासारखी करून आत बघत राहिला.

"ठसे बघितलेस?"

"नव्हते."

"बर्फ ताजा होता?"

"रात्रीच पडलेला."

त्याच्या मिशीवर श्वासाचा बर्फ जमायला लागला होता. मग म्हणाला, "कुलूप लावू नकोस म्हणजे झालं."

"मी कधी लावतो का?"

"नाही, आपलं सांगून ठेवलं," मेट्रो म्हणाला आणि स्वतःच्या गाडीकडे गेला.

त्यानंतर मी जुन्या सवयीने पंचनामा सुरू केला. संध्याकाळी खराट्याने ट्रकभोवतीचा बर्फ झाडून सारखा करायचो. सकाळी तो तसाच असायचा. आणि काच आतून पांढरी. एकदा वाटलं, दाराचं रबर फाटलं असेल, ओल शिरत असेल. तपासलं, रबर धड होतं. एकदा सीटखालची चटई काढून घरात वाळवली. काही फरक पडला नाही.

मग एका सकाळी ऊन तिरपं आलं आणि त्या पांढऱ्या काचेवर मला एक लांबट चट्टा दिसला. तेवढीच जागा स्वच्छ होती. खिडकीला डोकं टेकवून कुणी झोपलं की राहते तेवढी.

मी तो चट्टा ओळखत होतो. शेवटच्या वर्षी व्हर्नाला सस्काटूनच्या दवाखान्यात नेत असे, तेव्हा येताना ती तशीच काचेला डोकं टेकवून झोपायची. घरी पोहोचलो की ती उतरायची आणि काचेवर तो चट्टा राहायचा. ट्रक हाच होता. बाजूही हीच होती.

मी त्या दिवशी गावात गेलो नाही. इंजिन चालू ठेवून बराच वेळ नुसता बसून राहिलो.

कुणाला सांगितलं नाही. सांगण्यासारखं नव्हतंच. व्हर्नाने जुन्या कपड्यांचे तुकडे जोडून शिवलेली एक गोधडी कपाटात होती, ती नेऊन उजव्या सीटवर घडी घालून ठेवली. दुसऱ्या सकाळी घडी मोडलेली होती आणि गोधडी खिडकीच्या बाजूला ओढलेली होती. मी ती पुन्हा घडी घातली. रोज घालायला लागलो. संध्याकाळी जेवण झालं की खिडकीत भोक पाडून आणखी एकदा बटण दाबायचो. मला कुठेही जायचं नसायचं. दहा मिनिटांची ऊब. तेवढी तर तेवढी.

गावात जाताना मी बोलायलाही लागलो. भाव काय चाललाय, चर्चच्या घुमटावरचा पत्रा कसा उचकटलाय, मेट्रो कसा दर वर्षी विकत घ्यायचा ट्रॅक्टर फक्त बघून येतो. उत्तर कधी आलं नाही आणि मी त्याची वाटही बघत नव्हतो. तीन वर्षांत पहिल्यांदा सकाळी उठावंसं वाटत होतं. ते खोटं कशाला बोलू?

आमचा नाताळ जुन्या पंचांगाप्रमाणे जानेवारीत येतो. त्याच्या आदल्या संध्याकाळी बिनमांसाचे बारा पदार्थ करायचे, टेबलावरच्या कापडाखाली थोडं गवत पसरायचं, आणि एक ताट जास्तीचं मांडायचं. घरातल्या गेलेल्या माणसासाठी, नाहीतर ऐन वेळी दार ठोठावणाऱ्या कुणासाठीही. रात्री ते टेबल आवरायचं नाही. लेसिया त्यासाठी आली. तिचा नवरा रोमन कामावर होता. बारा पदार्थ काही झाले नाहीत. पण बीटाचं सार, बटाटा भरलेल्या उकडलेल्या करंज्या, कोबीच्या पानातला भात आणि मध-खसखस घातलेले गहू एवढं आम्ही दोघांनी मिळून केलं. खिडकीला त्या वाफेची बोटभर जाड साय धरली.

जेवताना तिने विषय काढला. तो निघणार हे मला तिने बूट काढले तेव्हाच कळलं होतं.

"खोली तयार आहे, टाटो. खिडकीतून नदी दिसते. आणि इमारतीच्या पोटातच गाडी लावायची जागा आहे, तापवलेली. तिथे कुणाला सकाळी उठून गाडी गरम करावी लागत नाही."

"मग सकाळी उठून करायचं काय?"

"चेष्टा नको. मला झोप लागत नाही हो. रोज सकाळी तुमचा फोन येईपर्यंत माझा जीव थाऱ्यावर नसतो. मी एकटी आहे तुम्हाला. भाऊ नाही, बहीण नाही. काही झालं तर मी दीडशे मैल येईपर्यंत इथे कोण आहे?"

"मेट्रो आहे."

"मेट्रोकाका तुमच्यापेक्षा मोठे आहेत!"

मी जास्तीच्या ताटाकडे बघत होतो. ती पोर खोटं बोलत नव्हती, हे मला दिसत होतं. तिचे डोळे आईसारखे खाली सुजले होते. मी म्हटलं, हा हिवाळा जाऊ दे. तिने चमचा खाली ठेवला.

"आणि आईची गोधडी तुम्ही ट्रकमध्ये टाकता? मघाशी माझी पिशवी काढायला गेले तेव्हा दिसली. ओली, कुबट झालीय. मी आणून बाहेर पडवीत टाकलीय, उद्या धुते."

दुपारी सणाचं सामान घ्यायला आम्ही गावात भेटलो, तेव्हा तिची जड पिशवी मीच माझ्या ट्रकमध्ये घेतली होती. सणाच्या दिवशी वाद नको म्हणून गप्प बसलो. गोधडी उद्या परत नेऊ, एका रात्रीने काय होतंय, असं मनाशी म्हटलं. जेवण झाल्यावर खिडकीत भोक पाडून सवयीप्रमाणे बटण दाबलं. ट्रकने दिवे मिचकावले. इंजिन चाललं. लेसियाने विचारलं, कुठे निघालात, आणि मी म्हटलं, थंडी फार आहे, बॅटरी धरून राहावी म्हणून.

त्या रात्री पारा उणे त्रेचाळीसवर गेला. घराची लाकडं फाटल्यासारखी वाजत होती.

सकाळी टेबलापाशी आलो तर जास्तीच्या ताटासमोरची खुर्ची मागे ओढलेली होती आणि तिच्यावर गोधडी होती. घडी घातलेली. मला वाटलं, लेसियाने पडवीतून आत आणली. बरं वाटलं. मी ती काखेत मारली, ट्रक चालू केला आणि बाहेर पडलो. हवा नाकात टोचत होती.

ट्रकचं दार उघडेना.

मी पुन्हा ओढलं. मग वाकून काचेतून आत बघितलं. कुलपाची कळ खाली होती. दोन्ही बाजूंची. पिशवी काढून झाल्यावर लेसियाने कळ दाबून दार लावलं होतं. शहरात राहणाऱ्या माणसाचा हात आपोआप तसं करतो, त्याला विचारावंसुद्धा लागत नाही.

मी ट्रकला वळसा घालून उजव्या बाजूला गेलो.

तिथली काच आतून स्वच्छ होती. पहिल्यांदाच. बाहेरून मात्र तिच्यावर एक गोल डाग होता. कुणीतरी बाहेर उभं राहून, काचेला तोंड लावून, श्वास सोडत राहिलं होतं. बर्फ वितळला होता, पुन्हा गोठला होता, पुन्हा वितळला होता, आणि त्याची कड जाड झाली होती. दाराची मूठ सगळीकडे पांढरी, फक्त बोटं धरतात तिथे घासून चकचकीत झालेली.

आणि काचेवर दोन हात. डागाच्या दोन्ही बाजूंना टेकवलेले.

काल संध्याकाळी मी हे इंजिन चालू केलं होतं. आत ऊब भरली होती, आणि दार बंद होतं.

मला रडू आलं. डोळ्यातलं पाणी पापण्यांवरच गोठलं आणि मला डोळे चोळावे लागले. मग मी हातमोजा काढून माझा पंजा त्या ठशावर धरला. व्हर्नाचा हात माझ्या हाताएवढा होता. रुंद, जाड, कणीक मळून मळून झालेला. तिला हातमोजे पुरुषांचेच लागायचे. हा हात अरुंद होता. तळवा लहान पोराएवढा, आणि बोटं माझ्या बोटांच्या पुढे गेलेली. चांगली पेरभर पुढे.

व्हर्ना नव्हती ती. कधीच नव्हती.

"टाटो! काय करताय? हात उघडा आहे तुमचा!" लेसिया कोट अंगावर टाकून धावत आली.

"तू कुलूप लावलंस."

"लावलं असेल. मग?"

"हे बघ."

तिने काच बघितली. मग मला बघितलं. तिचा चेहरा हळूहळू बदलला, आणि तो बदलताना मला कळलं की ती काय ठरवतेय.

"तुम्ही रात्री बाहेर आला होतात?" ती अगदी हळू म्हणाली. "कोट न घालता? टाटो, तुम्हाला आठवतंय का तरी?"

"माझा हात नाही तो. हे बघ, लावून दाखवतो."

"नको. चला आत."

"लेसिया, एकदा बघ तरी."

"मला बघायचं नाही!" ती ओरडली. अंगणातून आवाज परत आला. "गोधडीसुद्धा तुम्हीच पडवीतून उचलून खुर्चीवर ठेवलीत. घडी घालून, पाहुण्याच्या खुर्चीवर. मी उठले तेव्हा तिथे होती ती. मी हात लावला नाही तिला."

मी काखेतल्या गोधडीकडे बघितलं. तेवढ्यात दहा मिनिटं संपली आणि ट्रक बंद पडला.

ती माझी बॅग भरायला वर गेली. मी किल्लीने कळा उघडल्या, दोन्ही दारं उघडून ठेवली, गोधडी उजव्या सीटवर ठेवली. तिथे उभं राहून मी मोठ्याने म्हटलं, "चूक झाली. उघडं आहे, या." माझाच आवाज मला कसातरी वाटला. कुणाशी बोलत होतो? इतके दिवस कुणाशी बोलत होतो?

घरात आलो. लेसिया बॅग घेऊन खाली उतरली तेव्हा मी तिला सांगितलं, की मी येत नाही.

ती पायरीवरच बसली. खूप रडली. मी तिच्या डोक्यावर हात ठेवला, तिने तो झटकला नाही, आणि तेवढ्याने मी जवळजवळ हो म्हणालो होतो. का नाही म्हणालो, ते मला आजही नीट सांगता येत नाही. भीती वाटत होती. पण माझ्या अंगणात आलेल्याला रात्रभर बाहेर ठेवलं होतं, आणि आता दार उघडून दिल्यावर घर बंद करून निघून जायचं, हे मला जमेना. आणि दुसरंही एक होतं. नदी दिसणाऱ्या त्या खोलीत माझ्या शेजारी कुणी श्वास घेणार नव्हतं.

"पुढच्या शनिवारी मी रोमनला घेऊन येते," ती डोळे पुसत म्हणाली. "डॉक्टरांशीही बोलते. तेव्हा नाही म्हणू नका. तेव्हा मी ऐकणार नाही."

"बरं."

"वचन द्या, रात्री बाहेर जाणार नाही."

"नाही जाणार."

तिने आपली गाडी तिच्या रिमोटने आधीच तापवली होती. बूट चढवून, पिशवी उचलून ती दाराबाहेर पडली आणि थबकली. वळून माझ्याकडे बघितलं.

"आता पुन्हा का चालू केलात ट्रक? कुठे निघालात?"

मी कान दिला. इंजिन चालू होतं.

"नाही निघालो कुठे," मी म्हटलं.

ती आणखी काही बोलणार होती. मान हलवली आणि गेली.

माझा रिमोट कोटाच्या खिशात होता. कोट माझ्या अंगावर होता. मी खिशात हात घातला, तो तिथेच होता, थंडगार.

मी स्वयंपाकघरात गेलो.

खुंटी रिकामी होती. दुसरा रिमोट खिडकीच्या फळीवर पडला होता आणि त्याच्याखाली पाण्याचं लहानसं तळं झालं होतं.

माझं सकाळचं भोक वरच्या तावदानात पुन्हा गोठून गेलं होतं. पण खाली, अगदी चौकटीला लागून, बोटभर जाड बर्फात दुसरं एक भोक होतं. गोल. नवीन. त्याच्या कडेने अजून थेंब ओघळत होते.

पाहुण्याची खुर्ची टेबलापाशी नव्हती. ती खिडकीसमोर होती.

एवढ्या खालच्या भोकातून उभ्याने काही दिसत नाही. आणि मला लेसियाला जाताना बघायचं होतं. मी त्या खुर्चीवर बसलो.

बैठक गरम होती.

भोकातून अंगण दिसत होतं. लेसियाची गाडी वळली. फाटकापाशी ती क्षणभर थांबली, आणि मागच्या काचेतून मला तिचं एक बोट वर झालेलं दिसलं. आईसारखं. मग गाडी रस्त्याला लागली. कोठारापाशी ट्रकचे दिवे लागलेले होते, दारं दोन्ही मी उघडी ठेवली होती ती आता लावलेली होती, आणि धूर सरळ वर चढत होता. माझ्यासाठी कुणीतरी गाडी तापवत होतं.

तिची गाडी दिसेनाशी होईपर्यंत बघता यावं, काच धूसर होऊ नये, म्हणून मी श्वास रोखून धरला.

काचेवर वाफ धरली.